वंदनाची डावी पापणी

"मायस्थेनिया ग्रॅव्हिस," डॉक्टर म्हणाले आणि आम्हा दोघांचे चेहरे बघून त्यांनी ते सोपं करून सांगितलं. नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप नीट पोचत नाही. स्नायू वापरला की लवकर थकतो, विश्रांती मिळाली की पुन्हा चालतो. म्हणून सकाळी माणूस ठणठणीत आणि संध्याकाळी पापणी खाली. पापणी अशी उतरते त्याला टोसिस म्हणतात.

माझ्या बायकोच्या, वंदनाच्या, डाव्या पापणीवर त्यांनी दोन मिनिटं बर्फाची पिशवी धरली होती. पिशवी काढली तेव्हा मिटलेला डोळा उघडला. रक्ताचा रिपोर्ट यायचा होता, पण त्यांना जवळजवळ खात्री होती.

"कधीपासून आहे हे? आधीचे फोटो आहेत का, संध्याकाळचे?"

फोटो हाच माझा धंदा. स्क्रॅपबुकसाठी मी डिजिटल फ्रेमचे टेम्प्लेट बनवतो, म्हणजे नक्षीचं तयार पान, ज्यात फोटो बसवायला मोकळ्या खिडक्या असतात. लोक आपले फोटो त्यात टाकतात, प्रिंट काढतात, वहीत चिकटवतात. चार महिन्यांपूर्वी झालेल्या आमच्या मुलीच्या लग्नाचं अख्खं स्क्रॅपबुक माझ्या मोबाइलमध्ये होतं. मी ते उघडून दिलं.

डॉक्टरांनी रिसेप्शनची पानं मोठी करून बघितली. "दोन्ही डोळे सारखेच आहेत. म्हणजे चार महिन्यांपूर्वी काही नव्हतं." त्यांनी तसं लिहूनही घेतलं.

मी मोबाइल परत घेऊन खिशात ठेवला.

खरं असं होतं. लग्नानंतर ती पानं बनवताना एका गोल खिडकीत मी वंदनाचा एकटीचा चेहरा बसवला. मोठा केल्यावर डावा डोळा अर्धा झाकलेला दिसला. मी उजवा डोळा उचलला, आरशासारखा उलटा करून डावीकडे ठेवला, कडा मऊ केल्या. असे सात फोटो सुधारले आणि मूळ फोटोंवरच सेव्ह केले.

त्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "माहा डोळा संध्याकाळी मिटून राहिला जी. कोणाले दाखवाव काय?"

स्क्रीनवरची नजर न काढता मी म्हणालो, "थकली तू. लग्नाची धावपळ काय कमी झाली? फोटोत केला मी बरोबर."

पुढे भाकर चावताना तिचा जबडा थकायला लागला. ती भाकर वरणात कुस्करून खायची. मी तिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. दात चांगले निघाले, मी निश्चिंत झालो. मग एका दुपारी जेवताना घास अडकला, श्वास कोंडला. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही हॉस्पिटल गाठलं.

बर्फाच्या त्या तपासणीनंतर लगेच तिला भरती केलं. दुसऱ्या दिवशी छातीचा सीटी स्कॅन होता, थायमस नावाच्या ग्रंथीत गाठ आहे का ते बघायला. बाहेरच्या बाकावर बसून मी सावनेरला राहणाऱ्या वंदनाच्या धाकट्या बहिणीला फोन केला. लग्नाचे तुझ्या मोबाइलमधले फोटो पाठव म्हटलं.

"काहून जी भाऊजी? ताईचा डोळा पाह्यचा आहे काय? मले तर तवाच झाकल्यासारखा दिसला होता."

फोटो आले. धूसर, वाकडे, पण खरे. दुपारच्या फोटोत डोळा उघडा, रिसेप्शनच्या फोटोत अर्धा मिटलेला.

संध्याकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांपुढे मी मोबाइल धरला आणि सगळं सांगितलं. वंदना ऐकत होती. डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, "औषध हेच दिलं असतं. पण लवकर आला असतात, तर कदाचित घास अडकण्यापर्यंत वेळ आली नसती." ते 'कदाचित' माझ्या मनातून जात नाही.

सीटीत गाठ निघाली नाही. रक्ताच्या रिपोर्टने आजार पक्का केला. पाच दिवस सलाइनमधून औषध गेलं, मग गोळ्या सुरू झाल्या. आजार मुळातून जाईलच असं नाही, पण ताब्यात राहतो. तिला वेळेवर सांभाळणाऱ्या त्या डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरात कुणाची पापणी संध्याकाळी उतरत असेल, एकाचे दोन दिसत असतील, चावताना किंवा गिळताना थकवा येत असेल, तर न्यूरोलॉजिस्टला, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना, दाखवा. घरातल्या माणसाने "थकली असेल" म्हटलं तरी दाखवा.

घरी आल्यावर काही दिवसांनी मी तिला विचारलं, "माझा राग नाही आला?"

"आला ना," ती म्हणाली. "पण तुमचा तो फोटो पाहून मलेच वाटलं, फोटोत तर बराबर दिसते, मंग हा आपल्या मनाचाच खेळ असन. म्हणून मी मंग बोललीच नाही."

तिच्या गोळीची वेळ झाली होती. मी पाणी आणलं आणि ती गोळी गिळेपर्यंत तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिलो.