एसीतून येणारा खदानीचा वास

आमच्या गावाकडे कुणाला ताप आला की आधी भगताकडे न्यायचं आणि मग डॉक्टरकडे... यावरून मी घरच्यांशी कायम भांडत आलोय. भूत, करणी, बाहेरचं, यातलं काहीच मी मानत नव्हतो. आजही मानतो असं म्हणवत नाही. जे झालं ते फक्त सांगतो.

मी शहापूरला राहतो. माझा मोठा भाऊ, दादा, मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या बाजूला आमच्या गावी भातशेती करायचा. गेल्या पावसाळ्यात त्याचं आणि सुनंदावहिनीचं जोराचं भांडण झालं आणि वहिनी तरातरा माहेरी निघून गेली. तिचं माहेर शहापूर-मुरबाड रस्त्यावरून थोडं आत. नंतर काही दिवसांनी दादा शेजाऱ्यांना ‘कल्याणला जाऊन येतो’ म्हणाला, मोटरसायकल काढली आणि गेला तो गेलाच. फोन बंद. पोलिसात तक्रार दिली, कल्याण पालथं घातलं, काही हाती लागलं नाही. गावात लोक म्हणायला लागले की बायकोला कंटाळून पळाला, दुसरीकडे संसार मांडला असेल. वहिनीच्या तोंडावरही बोलायचे. ती ऐकून घ्यायची.

पाऊस संपला, ऊन तापायला लागलं, तसा मी गाडीत एसी लावायला लागलो आणि वास सुरू झाला. ओलं गोणपाट, शेवाळ आणि साचलेलं पाणी, असा कुबट वास. गाडी पहिल्यापासून माझीच, तोवर कधी तक्रार नव्हती. केबिन फिल्टर बदलला. मेकॅनिकने फोम मारून कूलिंग कॉइल धुतली, पाणी बाहेर जायची नळी साफ केली. चारही दारं उघडी टाकून गाडी उन्हात ठेवली. एक-दोन दिवस बरे जायचे, की परत तेच! शेवटी मेलेला उंदीर असेल म्हणून डॅशबोर्ड खोलला. उंदीर नव्हता, आत सगळं कोरडं ठणठणीत होतं. मेकॅनिक म्हणाला, आता माझ्याकडे उपाय नाही.

दिवाळीनंतर मुरबाडच्या पोलीस ठाण्यातून वहिनीला जबाबासाठी बोलावलं. मी तिला आणायला तिच्या माहेरी गेलो. दुपारची वेळ, ऊन मरणाचं. ती पुढच्या सीटवर बसली, मी काचा लावल्या, एसी सुरू केला. वास आला तसं मी ओशाळून सांगायला लागलो की काय काय करून बघितलं... तिचं लक्षच नव्हतं. एसीच्या जाळीजवळ तोंड नेऊन ती वास घेत होती.

“भाऊजी,” ती म्हणाली, “हा आमच्या खदानीच्या पाण्याचा वास हाय.”

तिच्या गावामागे दगडाची एक बंद पडलेली खदान आहे, बारमाही पाण्याने भरलेली. लग्नाआधी ती तिथे कपडे धुवायला जायची, आणि कपडे वाळले तरी त्यांचा हा वास जायचा नाही, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, वहिनी, कुठलंही साचलेलं पाणी असंच वासतं. माझी गाडी त्या खदानीकडे कधी गेलेलीसुद्धा नव्हती.

“गाडी तिकडं घ्या.”

घेतली. खदानीकडे वळलो तसा वास इतका वाढला की मी काचा खाली केल्या. बाहेर वाळल्या गवताशिवाय कसलाच वास नव्हता. एसी बंद केला, पंखाही बंद केला... तरी जाळीतून येतच राहिला.

काठावरून खाली हिरवं, स्थिर पाणी. काही दिसत नव्हतं. वहिनी तिथेच खाली बसली आणि म्हणाली, “मी आता उठायची नाय.” पोलिसांना काय सांगणार होतो मी? एसीचा वास आला म्हणून? कुणीतरी मोटरसायकल घसरताना पाहिली, असं खोटंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाणबुडे उतरले. आधी मोटरसायकल वर आली, मग दादा. तिच्या माहेरी जायचा जुना आडरस्ता खदानीच्या काठावरून जातो, त्याच काठावरून तो गाडीसकट खाली गेला होता. मोटरसायकलच्या डिकीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला वहिनीचा चष्मा होता. भांडणाच्या तावात ती घरी विसरून आली होती. कल्याणचं नाव सांगून तो तिलाच आणायला निघाला होता... लोकांना खरं सांगायला लाजला असेल.

त्या दिवसापासून गाडीतला वास गेला. मेकॅनिक म्हणतो, डॅशबोर्ड खोलून साफ केला त्याचाच हा परिणाम, फक्त उशिरा झाला. मी वाद घालत नाही. माझ्याकडे तरी दुसरं कुठलं स्पष्टीकरण आहे?

वहिनी आता आमच्या गावच्या घरी राहते. कधी बाजाराला, कधी दवाखान्यात मी तिला नेतो. गाडीत बसली की काच वर करते, चष्मा काढून मांडीवर ठेवते आणि सांगते, “भाऊजी, एसी लावा.” अगदी थंडीतसुद्धा. मी लावतो. ती जाळीजवळ वाकते, डोळे मिटून श्वास घेते, पुन्हा घेते. मुरबाड येईपर्यंत गाडीत गार, स्वच्छ हवा येत राहते.