चहाचा नवस

आमचं गाव पेणच्या खाडीकडचं. आई-बाबा मिठागरात राबायचे आणि मी शाळेच्या कबड्डी संघात. आठवीत होते, तोंडाने वाघीण. पण दोन चढाया झाल्या की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. शाळेतल्या तपासणीत रक्त कमी निघालं. खेळाच्या बाई म्हणाल्या, "पुढच्या तपासणीत वाढलं, तरच रोह्याच्या सामन्यांना नेईन." मी घरी येऊन भोकाड पसरलं.

दर सोमवारी शाळेत खिचडी खाल्ल्यावर लोहाची गोळी मिळायची. इकडे आई परस्पर नवस बोलली: पोर रोह्याला खेळू दे, ती सोमवार करील. म्हणजे नवस तिचा आणि उपास माझा! खिचडी सुटली, सकाळच्या कोऱ्या चहावरच मी गोळी गिळू लागले. मग काय, पोटात ढवळायचं आणि मी भडाभडा ओकायचे. आईने निकाल दिला, "गोळीच बाधते गो तुला. नको घेव."

हे कानावर गेलं तशा बाई घरी येऊन थडकल्या. उपाशीपोटी गोळी नको, जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही, असं त्यांनी समजावलं. मग आईच्या डोळ्याची पापणी खाली ओढून म्हणाल्या, "तुम्हीही पांढऱ्याफटक आहात की!"

आई पेचात पडली. नवस मोडायचा कसा? संध्याकाळी ती देवळात जाऊन आली आणि म्हणाली, "देवाला सांगितलंय. उपासाच्या बदली आपण दोघी चहा सोडायचा. त्याला चाललं."

आईने चहा सोडणं म्हणजे माशाने पाणी सोडणं! पहिले काही दिवस ती सगळ्यांवर खेकसत होती. पण चुलीवरचा टोप रिकामा राहिल्याने त्यात वालाची उसळ शिजू लागली. वर लिंबू पिळून आम्ही मायलेकी एका ताटात जेवायचो. त्याआधी आईला गरम जेवताना मी पाहिलंच नव्हतं. खूप मजा यायची.

सोमवारी खिचडीवर गोळीही पुन्हा सुरू झाली आणि पुढच्या तपासणीत माझं रक्त वाढलेलं निघालं. रोह्याला मी दोन गडी टिपून परतले, तेव्हा मैदानाबाहेरून कुणीतरी गळा फाडून ओरडलं, "मार गो, अजून मार!" ती आमची आई होती. मिठागरातून आल्यावर जिला बोलायचंही त्राण नसायचं, तीच.

सामना जिंकल्यावर बाईंनी सगळ्यांसाठी चहा मागवला. "घ्या, आता नवस फिटला," त्या आईला म्हणाल्या.

आईने कपाचा वास घेतला, मनापासून घेतला, आणि कप परत केला. "नको बाय. पोर अजून खेळणार हाय," ती म्हणाली. "आनि मला बघायचाय तिचा खेळ."