तोंडात काही नसताना

मंडळी, आज इथे शारजात, ऑफिसात, ऐन रमजानमध्ये सगळ्यांसमोर खाताना पकडलो गेलो. रोज्याच्या वेळेत इथे चारचौघांत खाणं चालत नाही. खरं तर मी काही खातच नव्हतो.

आमचे अकाउंटंट हनीफभाई जवळ येऊन हळूच म्हणाले, "क्या चबा रहे हो? कोई कंप्लेंट कर देगा." मी तोंड उघडून दाखवलं. आत काही नव्हतं. जबडा मात्र चालूच होता.

महिनाभर तो असाच आपोआप हलतोय. बोटंही हलतात. छातीत सारखी धडधड. मनाच्या आजाराच्या गोळ्या मी बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद केल्या, तेव्हापासून हे सुरू झालं. रूमवर कुणाला गोळ्यांचंच माहीत नव्हतं, मग हा त्रास कसा सांगणार?

आज हनीफभाईंना सगळं सांगून टाकलं. "यल्ला, उठो," म्हणत ते मला जवळच्या क्लिनिकमध्ये घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या अचानक सोडल्या की असं होऊ शकतं. घाबरू नका, पण यापुढे स्वतःच्या मनाने काही करू नका." उद्या स्पेशालिस्टकडे जायचंय.

बाहेर पडलो तेव्हा मगरिबची, म्हणजे रोजा सोडायच्या वेळेची अजान होत होती. दिवसभर उपाशी असलेल्या हनीफभाईंनी खिशातून खजूर काढले आणि एक माझ्या हातावर ठेवला. "अब चबाओ, हबीबी." कितीतरी दिवसांनी मी हसलो.

तोंडात काही नाही, हे दाखवायला मला क्षणही लागला नाही. काय होतंय, ते सांगायला महिना लागला.

तुमच्यापैकी कोणी असं काही लपवून रोज ऑफिसला जातंय का?