साव्वासच्या उंचीची मेणबत्ती

माझ्या वहिनीचा, पोलिक्सेनीचा, एक नवस एकोणतीस वर्षं फिटायचा राहिला होता. यात तिची काही चूक नव्हती. नवस बोलल्यावर आमच्या बेटाचेच दोन तुकडे झाले, आम्ही ख्रिस्ती इकडे आणि मुसलमान तिकडे, आणि संत अंद्रेआसचा मठ पलीकडे राहिला.

चौऱ्याहत्तरच्या लढाईत गाव सोडून पळताना तिचा सहा वर्षांचा मुलगा साव्वास गर्दीत हरवला. ट्रकमध्ये बसल्याबसल्या वहिनी संताला बोलली, "पोर मिळू दे, त्याच्या उंचीची मेणबत्ती तुझ्या दारात लावीन." चौथ्या दिवशी तो एका शाळेतल्या छावणीत सापडला, कुणाचा तरी पाव खात बसलेला. तिने त्याला आधी भिंतीला उभं केलं, टाचेपासून डोक्यापर्यंत सुताने मोजलं, मगच जवळ घेतलं. आमच्याकडे तशीच रीत आहे. ते सूत पुढे सतत तिच्याजवळ असायचं.

"इथल्या देवळात लाव. संत तोच आहे," पाद्रीबाबांनी कितीदा सांगितलं.

"संत तोच, पण दार ते नाही," ती म्हणायची.

मग दोन हजार तीनच्या एप्रिलमध्ये अचानक दोन्ही बाजूंमधला नाका उघडला. ओळखपत्र दाखवायचं, पलीकडचे शिपाई एका चिठ्ठीवर शिक्का मारणार, रात्रीच्या आत परत यायचं. माझा भाऊ हांबिस भडकला.

"माझ्याच घराकडे जायला मी त्यांची चिठ्ठी घेऊ? मग ते सरकार आपण मानलंच की!"

"तुम्ही नका येऊ. मी घराकडे नाही, मठात चालले आहे."

"जा. मी थांबवलंय का?"

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पण मेणबत्ती करणाऱ्या बाईचा फोन आला, उंची कुठली धरायची म्हणून, तेव्हा वर्तमानपत्राआडून आवाज आला, "सहा फूट सांग. सहा वर्षांचं पोर आता आहे कुठे? संताला काय फसवायचंय?"

वहिनीला ते पटलं. सहा फुटी मेणबत्ती आली. उन्हाचा विचार मात्र आमच्यापैकी कुणीच केला नाही.

पहाटे पाचला वहिनी, साव्वास आणि मी रांगेत लागलो. साव्वासने मेणबत्ती खांद्याला टेकवून धरली होती. अकरापर्यंत उन्हात मेणबत्तीने मान टाकली.

"मावशी, ही उंटाची मान संताला लावणार?" मागचा एकजण म्हणाला.

"तुझ्या जिभेला लावते, ये पुढे," वहिनी म्हणाली. रांग हसली.

चिठ्ठीवर शिक्का बसला तेव्हा वहिनी हसत नव्हती. चिठ्ठी तिने पर्समध्ये न ठेवता माझ्या हातात दिली.

पलीकडे हुस्नू नावाचा टॅक्सीवाला भेटला. तो मूळचा आमच्या बाजूचा, पाफोसकडच्या गावचा, लढाईनंतर तिकडे गेलेला. आमची भाषा आमच्यासारखीच बोलायचा. मेणबत्तीचं डोकं खिडकीबाहेर काढून तो म्हणाला, "माझी आईसुद्धा या संताला मेणबत्ती लावायची. त्याने कधी धर्म विचारला नाही."

तीन तासांनी मठ आला, तोवर मेणबत्तीचं धनुष्य झालं होतं. आतल्या म्हाताऱ्या सेवेकऱ्याने ती उभी करून पाहिली. दोनदा पडली.

"कापावी लागेल, बाई."

"कापू? ही माझ्या मुलाची उंची आहे!" तिने मेणबत्ती छातीशी धरली. परतीची वेळ होत आली होती. हुस्नू दारातून घड्याळ दाखवत होता. एकोणतीस वर्षं थांबून ही आता तशीच माघारी नेते की काय, असं मला वाटलं. मी मनात संताचं नाव घेतलं.

साव्वास हळूच म्हणाला, "आई, मोठा कधी हरवला होता? तो हा इथे उभा आहे. हरवला तो लहान. त्याची लाव."

वहिनीने मेणबत्ती खाली आडवी ठेवली. मग तिने पोलक्यातून सूत काढलं, मेणबत्तीच्या बुडाशी धरलं आणि जिथे संपलं तिथे बोट ठेवलं. सेवेकऱ्याने सुरी चालवली. खालचा भाग जाड, सरळ होता. तो उभा राहिला. तिने मेणबत्ती पेटवली, सूत शेजारी ठेवलं, आणि तिथेच फरशीवर बसून पोटभर रडली.

उरलेला वाकडा तुकडा आम्ही घरी आणला. हांबिस जागाच होता.

"ही उरली कशी?"

"तुम्ही सांगितलेली उंची जास्त झाली," वहिनी म्हणाली.

त्याने तो तुकडा घरातल्या तसबिरीपुढे ठेवला, कलंडला तेव्हा काडेपेटीचा टेकू दिला आणि पेटवला. पाठ आमच्याकडे ठेवूनच विचारलं, "वाटेत आपलं जुनं घर लागलं असेल."

"लागलं," वहिनी म्हणाली.

"लिंबाचं झाड?"

"आहे. कुणीतरी पाणी घालतंय."

त्याने काडेपेटीचा टेकू पुन्हा सारखा केला. मग म्हणाला, "आळं नीट केलंय का?"