पदकं तीन, लढत एकही नाही

रविवार, संक्रांतीनंतरचा पहिला. लेकीच्या सरावाचा हॉल. हजर: लेक, वय एकोणीस, वजनगट एक्याऐंशी किलोच्या वरचा. तिचे सर, पंच म्हणून. माझा नवरा आणि शेजारचे चाचा, गुण द्यायला, प्रत्येकी एक खुर्ची आणि एक लिहायचं पॅड. पोलिसातल्या एक हवालदार बाई, लेकीच्याच वजनाच्या, चाळिशीला टेकलेल्या. आणि मी, पाणी, टॉवेल, बर्फ आणि कापूस घेऊन. मी चिंचोळीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कुठंही निघताना काय लागेल ते आधी लिहून काढते. त्या दिवशीच्या यादीत कापूस दोनदा लिहिला गेला होता.

त्याचं कारण असं. लेक तीन वर्षं बॉक्सिंग करते आणि जिल्ह्याची तीन सुवर्णपदकं तिच्याकडे आहेत, एकही लढत न खेळता. तिच्या वजनगटात दुसरी मुलगी नावच देत नाही. दरवर्षी ती ग्लोव्ह्ज घालून रिंगमध्ये चढते, समोरचा कोपरा रिकामा असतो, पंच तिचा हात वर करतात आणि माइकवरून पुकारतात, 'पुढे चाल'. खाली उतरली की मैत्रिणी विचारतात, कशी हाणलीस गं? आई म्हणून मला ही पुढे चाल मनापासून आवडायची. पदक मिळतं आणि नाक जागेवर राहतं. तिला मात्र ती दरवर्षी जास्त जड होत गेली. तिसरं पदक तिनं पिशवीतून बाहेरसुद्धा काढलं नाही.

आमच्या घरात बॉक्सिंग आणलं ते चाचांनी. त्यांचं नवी पेठेत चादरींचं दुकान. रविवारचा चहा आमच्याकडे, आणि चहाबरोबर त्यांचा आणि माझ्या नवऱ्याचा एकच खेळ: वेगवेगळ्या काळातले हेवीवेट बॉक्सर समोरासमोर उभे करायचे आणि कोण जिंकेल यावर भांडायचं. चाचांचा माणूस जुन्या काळ्यापांढऱ्या फिल्ममधला, आखूड हातांचा, मान खाली घालून आत शिरणारा. नवऱ्याचा आजचा, साडेसहा फुटी, लांबूनच मारणारा. घरात आम्ही त्यांना बुटका आणि खांब म्हणतो. नियम करायचं काम माझ्यावर आलं, कारण नियम नसले की चहा गार व्हायचा. दोघांनी आपापल्या सगळ्यात चांगल्या वर्षातलं अंग घेऊन यायचं. ग्लोव्ह्ज आजचे. फेऱ्यांवर मात्र गाडी अडली. चाचांना जुन्या पद्धतीच्या पंधरा हव्यात, कारण बुटक्याचा दम बाराव्या फेरीनंतर दिसतो. नवऱ्याला आजच्यासारख्या बारा, कारण तोवर खांब गुणांवर पुढे असतो. मी मध्य काढून साडेतेरा सुचवल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या दोघांचं एकमत झालं, माझ्याविरुद्ध.

निकाल द्यायची लेक. चाचांना बरं नसेल त्या रविवारी बुटका जिंकायचा, नवऱ्याचा वाढदिवस असेल तेव्हा खांब.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी चाचा बुटका होऊन नवऱ्याच्या पोटात शिरायला बघत होते आणि नवरा हात लांब करून त्यांचं कपाळ धरून उभा होता. दोघांनी लेकीकडे निकाल मागितला. तिनं दिला नाही.

"चाचा, हे दोघं कधी भेटणारच नाहीत की. म्हणून तुम्ही दोघंही हरत नाही. माझंही तसंच चाललंय."

मग तिनं मनात साठलेलं सांगून टाकलं. पुढच्या महिन्यात राज्य स्पर्धा आहे. तिथं समोरचा कोपरा रिकामा नसेल. आपण बॉक्सर आहोत की नुसत्या वजनदार, हेच तिला कळत नव्हतं. त्याआधी एकदा तरी खरी लढत मिळाली नाही तर ती नाव काढून घेणार होती आणि ग्लोव्ह्ज सरांना परत देणार होती.

नवऱ्यानं चाचांच्या कपाळावरचा हात काढला. चाचा खाली बसले, बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "तुझ्या जमान्यात कुणी नाही ना बेटा? मग मागच्या जमान्यातनं आणू की."

नवऱ्याला ती थट्टा वाटली. मला ते काम वाटलं. मी सरांना फोन लावला आणि विचारलं, मागच्या जमान्यात कुणी होती का? होती. सरांच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक, लग्नानंतर खेळ सुटलेली, आता पोलिसात, दोन मुलांची आई. मी वजन विचारलं तर सर म्हणाले, त्याची काळजी नको. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या बंदोबस्तातून सुट्टी मिळाली की येते, असा बाईंचा निरोप दुसऱ्याच दिवशी आला.

त्या रविवारी बाई हॉलवर स्कूटीवरून आल्या. लेकीनं वाकून नमस्कार केला आणि मावशी म्हणाली.

"ताई म्हण. मावशी म्हणलीस तर आदी दात पाडीन, मग घंटा वाजवू."

लेकीचा चेहरा उजळला. तिला आजवर कुणी अशी धमकी दिलेलीच नव्हती.

सरांनी बजावलं, सरावाची लढत आहे, जपून खेळायचं, फेऱ्या तीन. घंटा झाली. लेक मोबाइलवर लढती बघूनही शिकलेली, पाय सतत हलते, हात पुढे. बाई हलतच नव्हत्या. चौकात पोलीस उभा असावा तशा रिंगच्या मधोमध उभ्या, आणि लेक रिक्षासारखी त्यांना वळसे घालत होती. चाचा कुजबुजले, हा आपला बुटका. नवऱ्यानं पॅडवर खांबाला, म्हणजे लेकीला, गुण लिहिले. तेवढ्यात ती नको तितकी जवळ गेली आणि बाईंचा उजवा हात सरळ तिच्या नाकावर आला.

मी कापूस घेऊन उठले. लेक दोन पावलं मागं सरकली, डोळ्यांतून पाणी. सरांनी लढत थांबवून तिच्याकडे पाहिलं. तोंडात दातांचं गार्ड असल्यानं ती बोबडं बोलली.

"लागलं." मग ती हसायला लागली. "आई, लागलं की गं."

रक्त आलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत ती वेगळीच होती. वळसे घालणं सोडून ती आत शिरली, मारून बाहेर आली, पुन्हा शिरली. तिचा डावा हात दोनदा नीट बसला तेव्हा बाईच म्हणाल्या, हां, आता आलीस. तिसऱ्या फेरीत बाईंचा दम संपला आणि लेकीचे पाय थकले. शेवटी दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकवून हसत उभ्या होत्या आणि सर घंटा वाजवायचं विसरले होते.

सरांनी गुण मागितले. चाचांच्या पॅडवर पहिल्या फेरीनंतर काही नव्हतं. नवऱ्याचं पॅड खुर्चीखाली होतं. कधीच न झालेल्या लढतींचे निकाल वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगणाऱ्या दोघांना समोर झालेल्या लढतीचा एक निकाल देता येईना. नवरा म्हणाला, मी नुसतं नाक बघत होतो. चाचा म्हणाले, बरोबरी लिवा, दोघी आपल्याच हायत.

बरोबरी लेकीलाही नको होती आणि बाईंनाही.

"पुढच्या रविवारी ये," बाई घाम पुसत म्हणाल्या. "आज मी बंदोबस्तानं दमले हुते. तवा तुला सोडत न्हाय."

परत येताना लेक स्कूटर चालवत होती, मी मागं. ग्लोव्ह्ज परत द्यायचा विषय निघाला नाही. प्रत्येक सिग्नलला ती आरसा वळवून लाल झालेलं नाक बघायची, आणि हिरवा लागला तरी गाडी हलायची नाही.

निघता निघता सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बाईंना दातांचं गार्ड फार लहान पडलं, त्यांच्या मापाचं आणल्याशिवाय दुसरी लढत लावणार नाही. नवी पेठेतली दोन दुकानं मी बघून आले, मोठं माप नाही. आज शुक्रवार, लढत परवा. सात रस्ता चौकातलं एक दुकान अजून बघायचं राहिलं आहे.