खुर्चीच्या दिवशी मी उभा राहिलो

मी चुकीच्या वेळी उभा राहिलो. एवढंच केलं, पण अख्ख्या वेल्ससमोर केलं.

तेव्हा मी प्रोजेक्टवर पुण्याहून कार्डिफला आलो होतो, एका निवृत्त मास्तरांच्या घरी पेइंग गेस्ट. मास्तर वेल्श कवी. ऑगस्टमध्ये वेल्श लोकांचं राष्ट्रीय संमेलन भरतं, आयस्टेद्वोद. टोपणनावाने आलेल्या कवितांतून एका कवीला खुर्ची मिळते. खरीखुरी, कोरीव लाकडाची, घरी न्यायची. मास्तर बावीस वर्षं कविता पाठवत होते.

"दर वर्षी हात हलवत परत येतात आणि आठवडाभर बोलत नाहीत," मालकीणबाई म्हणाल्या. "यंदा तूही चल. निदान गाडीत कुणीतरी बडबडेल."

गेलो. वाटेत फ्लास्कमधला चहा तीन कप ढोसला. फुकटचा होता ना.

मंडपात आमची जागा ओळीच्या बरोब्बर मधोमध. एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला बाई, त्यांच्या पलीकडे गुडघेच गुडघे. समारंभ सुरू झाला आणि दारं बंद झाली. परीक्षक बोलायला उठले ते बसायचं विसरले. माझ्या कानात इंग्रजी भाषांतराचं यंत्र होतं. तिसरा कप हाका मारू लागलेला, त्यात ते वाचत होते त्या कवितेत धबधबा आला. मी यंत्रच काढून ठेवलं.

थोड्या वेळाने दिवे मंदावले, सगळं चिडीचूप. संपलं बहुतेक, म्हणून मी उठलो.

तुतारी वाजल्यावर फक्त विजेत्याने उभं राहायचं, हे त्या यंत्रात नेमकं तेव्हाच सांगत असणार. तुतारी वाजली. प्रकाशझोत फिरत आला आणि माझ्या तोंडावर थांबला. टाळ्यांचा कडकडाट! काही सुचेना, म्हणून मी नमस्कार केला.

खालून शर्टाला हिसका बसला. मास्तर, पांढरेफटक.

"खाली बस. मी आहे तो."

विजेत्याला आधी कळवतात, पण गुपित ठेवायचं असतं. त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ते उभे राहिले. झगा चढवून त्यांना मंचावर नेलं. मग डोक्यावर एक भलीमोठी तलवार अर्धी उपसून पुकारा झाला, "शांतता आहे का?" मंडप गरजला, "आहे!" असं तीनदा. माझ्या पोटात नव्हती. दारंही अजून बंदच. मी हळूच माझ्या खुर्चीच्या कडेला सरकलो.

बाई डोळे पुसत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "परत उठलास तर तंगडी मोडीन."