प्रार्थनेआधीचे मतदान

मनोहरराव पाटोळे, म्हणजे आपल्या सर्वांचे दादा, यांना मी पहिल्यांदा पाहिले ते नानाखेड्याच्या बसस्टँडवर. आमच्या गावच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा वडील, म्हणजे निवडून दिलेला कारभारी, म्हणून मी त्यांच्या बेताला विरोध करायला उज्जैनला आलो होतो, आणि मला घ्यायला स्कूटर घेऊन तेच हजर! "चला, पहले पोहे-जलेबी खाऊ, विरोध बाद में करा," म्हणत त्यांनी मला टावर चौकात नेले. अशा माणसाशी भांडायचे तरी कसे?

बेत होता आपल्या भागाची स्वतंत्र प्रेसबिटरी स्थापण्याचा. आसपासच्या मंडळ्यांचा कारभार पाहणारी ही सभा. पाळकांना, म्हणजे पाद्रींना, दीक्षा देण्याचा अधिकार तिचाच. तोवर आपण दूरच्या प्रेसबिटरीच्या हाताखाली होतो आणि तिथून पत्रांना उत्तरे येत नसत. दादांच्या मंडळीला पाळक नव्हते, आणि पाळकांशिवाय प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा पवित्र विधी, होत नाही. अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या आई दर रविवारी विचारत, "आज तरी आहे का रे?" मला मात्र धास्ती, की उज्जैनवाले आम्हा लहानांना गिळून टाकतील.

या बेतावरच्या सभेच्या दिवशी दारातच वादाला तोंड फुटले. दुपारी मतदान झाले. ठराव अवघ्या एका मताच्या फरकाने पास! सभेचे चिटणीस म्हणून दादा कार्यवृत्त लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांचे पेन थांबले. आपल्या रिवाजाप्रमाणे प्रार्थनेने सुरुवात झाल्याखेरीज सभा भरली असे मानत नाहीत, आणि भांडणाच्या भरात प्रार्थना राहूनच गेली होती. कुणाच्याही ध्यानात आले नव्हते. दादा गप्प राहिले असते तरी चालले असते.

ते उठले. "भाऊ, माफी असावी. प्रार्थनेला सांगणं माझं काम होतं, मी विसरलो. मतदान रद्द समजा, फिरसे घेऊ."

त्यांच्याच बाजूच्या एकांनी कपाळावर हात मारला. "दादा, आईचा तो विचार करा!"

"तिचाच करतोय. जी सभा भरलीच नाही, तिचा पाळक आईपुढे कसा उभा करू?"

मग प्रार्थना करायला त्यांनी मलाच सांगितले, विरोधकाला. मी उभा राहिलो आणि प्रार्थना केली. कसेबसे आमेन म्हटले. दुसऱ्या मतदानात मी ठरावाच्या बाजूने हात वर केला, आणि माझ्यामागून आणखी काही हात वर गेले.

नव्या प्रेसबिटरीने दीक्षा दिलेल्या पाळकांनी आईंना घरी जाऊन प्रभुभोजन दिले, तेव्हा दादांनी मला मुद्दाम बोलावून घेतले होते. आईंचे डोळे भरून वाहत होते. आमचेही.

दादा, आज आपण पंचाहत्तरीत पाऊल टाकत आहात. प्रभू आपल्याला ठणठणीत आरोग्य आणि भरपूर वर्षे देवो. आपण समोर बसलेले असलात, की आम्हाला खोटे बोलायची लाज वाटते. ती लाज आम्हाला अजून खूप वर्षे हवी आहे.